अधिकार नसलेल्या कोर्टाचा मनाईहुकूम

"या कोर्टाला हा दावा ऐकायचा अधिकारच नाही, युवर ऑनर!"

शेठच्या वकिलांनी असा आवाज लावला, की पालघर कोर्टाच्या कौलांवरची कबुतरं उडाली ती थेट उमरोळी स्टेशनावर जाऊन बसली. वकील मुंबईचे. सोबत पुस्तकांच्या दोन ट्रंका. माझ्याकडे एक पातळ फाईल आणि माझी अशील हिराबाय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोईसरला कारखाने आले, मागोमाग साहेब लोक आले, आणि साहेबांना वारा खायला बंगले हवे झाले. शेठने तारापूरच्या बाजूला किनाऱ्यालगत जमीन विकत घेतली आणि बुलडोझर आणून उभा केला. त्याच जमिनीच्या एका टोकाला हिराबायच्या आजेसासूपासून बोंबील सुकत आले होते. बांबू रोवायचे, आडव्या दोऱ्या ताणायच्या, त्यावर बोंबील लटकवायचे. याला वलांडी म्हणतात. हक्काचा कागद म्हणाल तर चिटोराही नाही. दसरा तोंडावर. जागा गेली की हिराबायचा वर्षाचा सुका बाजार गेला.

मी मनाईहुकूम मागितला होता. म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत बुलडोझर हलवू नका. शेठच्या वकिलांचं म्हणणं, जमीन लाखांची, एवढ्या किमतीचा दावा छोट्या कोर्टात चालत नाही, ठाण्याला जा. आणि तेव्हा आपल्याकडे कलम नऊ-अ होतं. अधिकाराचा आक्षेप आला, की मनाईहुकुमाच्या आधी कोर्टाने तोच निकालात काढायचा. त्याला पुरावा, युक्तिवाद, तारखांवर तारखा. बुलडोझरला एक दुपार पुरे.

"वकीलभाऊ, ह्यो काय बोलतो?" हिराबायने मागून कोट ओढला.

"म्हणतो, आधी कोर्ट कुठलं ते ठरवा."

"आनि तवर माजी जागा ऱ्हाते का?"

इतका नेमका युक्तिवाद मला तीस वर्षांच्या वकिलीत सुचलेला नाही. मी उठलो. त्याच कलमाचं पोटकलम दोन: आक्षेपाचा निकाल लागेपर्यंत कोर्ट तात्पुरता आदेश देऊ शकतं. न्यायाधीश साहेबांनी पुस्तक उघडलं, चष्मा पुसला.

"देऊ शकतं. पण जागा हिच्या ताब्यात आहे, हे कशावरून?"

"जागा मोकळी आहे, युवर ऑनर," म्हणत मुंबईकरांनी फोटो पुढे केला. आषाढातला. बांबू नाही, दोरी नाही, बोंबील तर वासालाही नाही. मी माकुणसारच्या नारळी-केळीच्या वाडीत वाढलेला. बोंबील ओळखतो तो फक्त ताटात. मी फोटो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

हिराबायने फोटो माझ्या हातातून ओढून घेतला.

"अगो बाय! पावसात बोंबील कोन सुकवल? होड्या वर काडलेल्या. बांबू आमी घरात नेतो, कुजतील नाय?" मग तिने फोटोवर बोट टेकवलं. "आनि ह्ये काय हाय, सायेब?"

वाळूत तपकिरी ठिपक्यांच्या दोन सरळ रांगा.

"नारलाची सोडनं, वरची जाडी सालं. बांबूच्या भोकात कोंबून ठेवतो, वालू भरू नये म्हनून. पाऊस गेला की काडायची, त्याच भोकात बांबू. जागा मोकली म्हनतो, आनि भोकं काय खेकड्यांनी दोरी लावून पाडली?"

कोर्टाचा शिपाई हसला, कारकून हसला, भिंतीवरचं घड्याळ हसायला थांबलं ते आजतागायत बंद आहे. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या घड्याळजीकडून भिंग मागवलं, फोटो नीट पाहिला आणि मुंबईकरांना म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा साक्षीदार फुटला." लगेच आदेश लिहिला: अधिकाराचा निकाल लागेपर्यंत जैसे थे.

तो निकाल लागायला फाल्गुन उजाडला. मी हरलो. भांडण खरं जमिनीचं, जमीन किमतीने कोर्टाच्या मर्यादेबाहेरची, दावा ठाण्याला न्यावा. मी फाईल उचलली, तोच व्हरांड्यात शेठ आडवा आला.

"वकीलसाब, वो फोटो ठाणे में भी दिखाओगे?"

"बडा करके."

शेठने आठवड्याच्या आत समुद्राकडची पट्टी हिराबायला लिहून दिली आणि बंगले मागे सरकवले. तिचा हंगाम तर केव्हाच सुकून बाजारात पोचला होता, आणि तोही ज्याला अधिकारच नव्हता अशा कोर्टाच्या हुकुमावर.

नवे वकील विचारतात, दावा कुठे लावावा? मी सांगतो, ज्या कोर्टाचं दार आज उघडं आहे तिथे. चुकलात तर फाईल ठाण्याला जाईल. बुलडोझर फिरून गेल्यावर ती कुठेही गेली तरी सारखंच.