गाडी माणसं मोजते

हातात चहाचा कप असेल तर आधी खाली ठेवा बापा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एका पाहुण्याच्या नाकातून चहा आला आणि नाव माझं खराब झालं. तसं ते या किस्स्यापायी सौंसरभर झालेलंच आहे म्हणा!

तर आमची रश्मी. एकुलती एक पोरगी. नागपूरला नोकरी करते, शनिवारी घरी येते. एका शनिवारी जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मी गाडी घेऊन राहिली."

"घे ना," मी म्हटलं. मला वाटलं, स्कूटी असेल.

"साडेसहाशे सीसीची. स्पोर्ट बाईक."

घास हातातच राहिला. साडेसहाशे! अहो, आमच्या विहिरीवरची मोटर पाच हॉर्सपॉवरची. ही गाडी म्हणे सत्तरची! म्हणजे आमची पोरगी चौदा मोटरी बुडाखाली घेऊन नागपूर रोडनं जाणार?

"नाही," मी म्हटलं.

"काऊन नाही?"

"नाही म्हणजे नाही!"

पण पोरगी शेवटी कोणाची? जिद्द तिच्याही रक्तात. ताटावरून न उठता म्हणाली, "बाबा, संत्रा चाखल्याबिगर आंबट म्हणू नये, हे तुमीच सांगता ना? मग पहिले गाडी चालवून पाहा. त्याच्यावर तुमी नाही म्हटलं तर मी पुन्हा नावही नाही काढणार."

आता हे मला सांगायचं? मला? तीस वर्षांपासून मी एकच शंभर सीसीची गाडी चालवतो. गल्लीत कोणाची गाडी चालू झाली नाही तर मेकॅनिकच्या आधी मला हाक मारतात. गाडीतलं आपल्याला कळतं, असं सगळे मानतात. म्हणजे तेव्हा मानत होते.

एक खरं सांगू? राग गाडीचा नव्हता. भीती वाटत होती. त्या रोडनं ट्रक कसे सुसाट येतात ते मी रोज पाहतो. आताही शनिवारी ती येईपर्यंत माझा एक डोळा फाटकाकडेच असतो. पण बापानं पोरीला "मले भेव वाटते" असं म्हणायचं कसं? म्हणून मनात पक्कं केलं. गाडी चालवायची, चारचौघांत गाडीत दहा दोष काढायचे आणि विषय कायमचा मिटवायचा. मी एकदा ठरवलं की ठरवलं!

पुढच्याच रविवारी नागपूरच्या एका शोरूमवाल्यांनी तीच गाडी सौंसरच्या मैदानावर आणली. लायसन दाखवायचं, जामसांवलीच्या फाट्यापर्यंत चक्कर मारून यायची आणि मग मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर गाडी कशी वाटली ते सांगायचं, असा कार्यक्रम होता.

माझ्या आधी पांढुर्ण्याचे एक मास्तर चालवून आले. कंबर धरूनच बोलले, "गाडी भल्ली जोरदार हाय. पण वाकून बसा लागते. दिवसभर संत्र्याचे क्रेट उचलल्यावानी कंबर बोलून राहिली."

त्यांच्यामागून एक जवान पोरगा आला. त्याचे डोळे अजून मोठेच होते. "अशी उचलते ना, अशी उचलते, का आपण समोर जातो आन् जीव मांगंच राहून जाते!"

मी रश्मीकडे पाहिलं. ऐकलं ना? ती हसली. हसू दे म्हटलं, आता माझा नंबर.

शोरूमचा माणूस जवळ आला. "काका, एक मिनिट. हिचे गिअर तुमच्या गाडीसारखे—"

"बापू," मी हेल्मेट घालत म्हटलं, "तुह्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवून राहिलो मी. मले गिअर शिकवतं?"

बिचारा मागे सरला. रश्मी काही सांगायला पुढे आली, तिलाही मी हातानंच थांबवलं. तिथंच माशी शिंकली!

बसलो. सवयीनं पंज्यानं गिअर खाली दाबला. खट्! गाडी निघाली. मैदानाबाहेर आलो, परत दाबला. थोडं पुढे जाऊन परत. मग अजून एकदा. झाले आपले चार गिअर! आता पुढच्या तिन्ही वेळी काही खट् वाजलं नव्हतं. पण मी म्हटलं, महागडी गाडी आहे, हिचे गिअर कशाला आवाज करतील?

आणि मग जी ओरडायला लागली, काय विचारता! तिगावच्या स्टेशनावर लोकांनी रेल्वे आली म्हणून पिशव्या उचलल्या असतील. कपाशीत निंदणाऱ्या बाया उभ्या राहून पाहू लागल्या. एक बैलजोडी तर बंडी घेऊन सरळ रस्त्याच्या खाली उतरली. मला वाटलं, वा, काय दरारा आहे!

समोरच्या पडद्यावर पाहिलं तर स्पीड चाळीस. मूठ आणखी पिळली तर गाडी अशी किंचाळली की मीच घाबरून सोडून दिली. परत चाळीस. स्पीडच्या बाजूला एक मोठा आकडा होता. एक. मी विचार केला, हा एक कशाचा? मग लक्षात आलं. मी एकटा बसलो आहे ना! दोघं बसले की दोन दाखवत असेल. काय काय काढतात कंपनीवाले!

एवढ्यात नारळ-हार घेऊन जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला निघालेलं एक म्हातारं जोडपं स्कूटीवर माझ्या बाजूला आलं. मागं बसलेली माय ओरडली, "भाऊ, जरा हळू चालवा ना जी! मारुतीराया तिथं आडवे झोपून हायेत, उठवता काय त्याइले?"

आणि मला मागं टाकून ते निघून गेले! हळू चालवा म्हणणारे पुढे, आणि ज्यानं हळू चालवायचं तो मागे. इथं तरी डोक्यात उजेड पडावा की नाही? पडला, पण भलताच. मी म्हटलं, अरेच्चा, ही तर पळतच नाही! नुसती बोंब! म्हातारा-म्हातारीची स्कूटी हिच्यापेक्षा जोरात जाते!

आणि काय सांगू, छातीवरचा धोंडाच उतरला. उगाच जीव टांगणीला लावला होता. ही गाडी आणि पोरीला धोका? छे!

मांड्या भाजून निघाल्या होत्या, तरी ताठ मानेनं मैदानात आलो. हेल्मेट काढलं आणि थेट कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. सौंसर-पांढुर्ण्याचे पंधरा-वीस लोक गोल करून ऐकत होते.

"हे पाहा," मी घसा साफ केला. "ज्याइनं ज्याइनं हिले खतरनाक म्हटलं, ते खोटं बोलून राहिले. गाडी चाळीसच्या वर जातच नाही. आवाज भल्ला हाय, पण गरीब हाय बिचारी. गिअर इतके मऊ, का पडलेले समजतच नाहीत. गरम होते, पण हिवाळ्यात ते बरंच. माझ्या पोरीले मी हीच गाडी घेऊ देणार. आजच्या आज!"

रश्मीचं तोंड उघडंच राहिलं. मास्तर माझ्याकडे टकमक पाहू लागले. तिथंच थांबलो असतो तर वाचलो असतो हो! पण मला कुठं थांबता येतं?

"आन् सगळ्यात भारी गोष्ट तर तुमी कोणी सांगितलीच नाही," मी म्हटलं. "ही गाडी माणसं मोजते! मी एकटा होतो, तर जाता-येता पुरा टाइम एकच दाखवला तिनं. एकदाही चुकली नाही!"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

मग रश्मी हळूच म्हणाली, "बाबा, तो गिअरचा आकडा हाय."

त्यानंतर जे हसू फुटलं, ते मी काय सांगू! मास्तर दुखरी कंबर धरून खालीच बसले. तेव्हा मला कळलं की माझ्या जुन्या गाडीचे चारही गिअर खाली दाबून पडतात, आणि हिचा फक्त पहिला खाली. बाकीचे पाच पंज्यानं वर उचलायचे! म्हणजे मी पहिल्या गिअरमध्ये जामसांवलीचा फाटा करून आलो होतो. शोरूमवाल्यानं दोन्ही हात जोडले. "काका, आजपर्यंत इतकी माणसं बसली, पण हे कोणालाच जमलं नव्हतं."

"मंग परवानगी वापस!" मी ओरडलो.

रश्मीनं मोबाईल वर धरला. "रेकॉर्ड होऊन गेलं, बाबा."

काय करता? शब्द दिला होता, तोही वीस लोकांसमोर. गाडी आली. जामसांवलीला नेली, हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मारुतीरायाला मी म्हटलं, देवा, पोरीला सांभाळ आणि माझा तो व्हिडिओ कोणाला दाखवू नको. पहिलं त्यानं ऐकलं. दुसरं नाही.

परतताना रश्मीनं मला मागे बसवलं. "पाहा बाबा, आता आपण दोघं हाओत. पडद्यावर ध्यान ठेवा."

तिच्या खांद्यावरून पाहिलं. एक झाला, दोन झाला, तीन झाला. चौथ्याला मी तिचं जॅकेट दोन्ही हातांनी धरलं. पाचव्याला डोळे मिटले. चालवत होती मात्र नेमकी, ट्रकपासून अंतर राखून. माझ्यापेक्षा चांगलीच, हे आता कबूल करतो.

वाऱ्यातून तिचा आवाज आला, "बाबा, सहा दिसून राहिला! किती माणसं बसली गाडीवर?"

मी डोळे न उघडताच ओरडलो, "एकच मोज, माय! तुहा बाप तर मांगच्या फाट्यावरच उतरून गेला!"