‘डियर’ कापलेलं पत्र

“‘डियर सर्स’ नको, बाई. नुसतं ‘सर्स’ लिहा,” वझलवार साहेब म्हणाले.

मी शॉर्टहँडमधला ‘डियर’ कापला. नागपूरच्या एका कापड मिलमध्ये मी स्टेनो होते आणि वझलवार साहेब आमचे स्पिनिंग मास्टर, म्हणजे सूतकताईचे प्रमुख. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. त्या काळी ऑफिसच्या पत्रातून ‘डियर’ काढणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं होतं.

भांडण नव्या रिंग फ्रेम्सवरून होतं. कापसाची सैल वात ओढून, तिला पीळ देऊन सूत करणारं मशिन म्हणजे रिंग फ्रेम. मिलने त्या कोईम्बतूरच्या एका कारखान्याकडून घेतल्या होत्या. थंडीत छान चालल्या. उन्हाळा लागला आणि सूत तुटायला लागलं. तुटलेला कापूस रोलरला गुंडाळायचा. कामगार हुकाने तो कापून काढेपर्यंत पुढचा धागा तुटायचा.

साहेबांनी लिहिलं, तुमचे रोलर खराब आहेत. तिकडून श्री. सुब्रमण्यम नावाच्या इंजिनियरचं उत्तर आलं: रोलर उत्तम आहेत, तुमच्या खात्यात हवेत ओलावा कमी असणार. कोरड्या हवेत कापसाचे तंतू विस्कटतात, म्हणून मिलमध्ये पत्र्याच्या डक्टमधून ओली हवा सोडतात. साहेबांनी लिहिलं, आमचा ओल्या हवेचा प्लँट उत्तम आहे. पुन्हा उत्तर, रोलर उत्तम आहेत. दर पत्रात दोघंही अधिकाधिक सभ्य आणि अधिकाधिक कडू होत गेले.

आज मात्र साहेबांनी शेवटचं सांगायचं ठरवलं होतं. मशिनं परत घेऊन जा.

टायपिंगला बसले तर दारात गणपतराव जॉबर उभे. जॉबर म्हणजे कामगारांचा मुकादम. या फ्रेम्सवर त्यांची बदलीतली, म्हणजे कोणी गैरहजर असेल तरच काम मिळणारी, माणसं नुकतीच कायम झाली होती.

“बाई, मशिनी वापस जाऊन राहिल्या म्हंतेत. खरं हाय का?”

ऑफिसचं पत्र बाहेर सांगायचं नसतं. मी टाईपरायटरमध्ये कागद सरळ करत राहिले.

“समजलं मले,” ते म्हणाले. “मंग पोरायले काय सांगू? काल एकानं पेढे वाटले न बाई, पर्मनंट झाला म्हनून.”

ते गेले. मी पत्र पूर्ण केलं, सहीला नेलं आणि धीर करून म्हणाले, “साहेब, एक वाक्य वाढवू का? परत न्यायच्या आधी त्यांचा माणूस येऊन बघून जावा. आत्ता, मे महिन्यात.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एकदम हसू लागले. “मे महिन्यात! बरोबर. येऊ द्या त्याले नागपुरात. टाका वाक्य.”

‘डियर’ही परत घालायला लावला. पाहुण्याला बोलवायचं तर रीत पाळायला हवी, म्हणाले.

सुब्रमण्यम आले ते टाय लावून. मी समजत होते कोणी ताठ म्हातारा असेल. निघाला गोलमटोल, हसरा माणूस. नोट्स घ्यायला मीही खात्यात गेले. फ्रेमपर्यंत पोचेस्तोवर टाय खिशात गेला होता.

त्यांनी मशिन थांबवून वरच्या रोलरवरचं रबर अंगठ्याने दाबलं. अंगठा चिकटला. दुसरा रोलर दाबला, तोही तसाच.

“सर,” ते इंग्रजीत म्हणाले, “आमच्याकडे इतकी गरमी नसते. हे रबर इथे चालणार नाही.”

साहेबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. “बाई, लिहून घ्या! शब्दन् शब्द लिहा!”

तेवढ्यात सुब्रमण्यमनी कपाळ पुसत वर पाहिलं. “लेकिन सर, हवा किधर है?”

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. ओल्या हवेचा डक्ट जुन्या मशिनांवरून येऊन मध्येच संपला होता. नव्या फ्रेम्स पूर्वीच्या गोदामाच्या जागेत बसवल्या होत्या. तिथवर डक्ट कोणी वाढवलाच नव्हता. प्लँट उत्तम होता, पण हवा शेजाऱ्याला मिळत होती.

साहेब डक्टकडे बघत राहिले. माझी पेन्सिल थांबली. हे लिहायचं की नाही?

गणपतराव शेवटी म्हणाले, “साहेब, आता कोन कोनाले पत्र लिहील?”

पहिले सुब्रमण्यम हसले. मराठी त्यांना कळलं नसावं. आमचे चेहरे कळले. मग साहेब इतके हसले की त्यांना खोकला आला.

त्या दुपारी दोघांनी मिळून एकच पत्र सांगितलं. पत्रात तुमची चूक आधी लिहायची की आमची, यावर मात्र चहाचे बरेच कप गेले. शेवटी मीच ‘ॲज वेल ॲज’, म्हणजे ‘तसेच’, मध्ये घालून दोन्ही चुका एका वाक्यात बसवल्या.

तिकडून कडक रबराचे रोलर आले. इकडे पत्र्याचं काम करणाऱ्यांनी डक्ट पुढे नेला. फ्रेम्स त्याच उन्हाळ्यात सुरळीत चालू लागल्या. गणपतरावांची माणसं कायमच राहिली.

पुढे नोकरीत मी शेकडो भांडखोर पत्रं टाईप केली. दोन्ही बाजू आपापल्या खुर्चीत बसून बरोबर असतात. कुणीतरी उठून मशिनपाशी जावं लागतं.