आबा सहाला आले नाहीत

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. इंदापूरजवळ हायवेवरच्या आमच्या नेहमीच्या परमिट रूममध्ये बसलो होतो आणि मला काही केल्या बसवत नव्हतं…

मी लोणी देवकरला एमआयडीसीत कामाला आहे. साडेपाचला सुटलो की पावणेसहाला त्या बारमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर. आठ वर्षं झाली. बायकोला आवडत नाही, आणि तिला पटेल असं उत्तर माझ्याकडं कधीच नव्हतं.

त्या टेबलावर माझ्यासमोर आबा बसायचे. सत्तरीचे, उंच, डोक्याला पटका. तरुणपणी मेंढरं राखली, आता थोडा ऊस आणि एक गाय. सहाच्या ठोक्याला सायकलवर यायचे, रमचे दोन पेग कोमट पाण्यातून घ्यायचे आणि सातला उठायचे. तिसरा पेग घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

त्या दिवशी सहा वाजले, सव्वासहा वाजले… आबा नाहीत.

बाळूदादा म्हणजे तिथले वेटर, पन्नाशीचे. त्यांनी न विचारता माझा ग्लास ठेवला आणि दाराकडं बघत म्हणाले, "आबा आलं न्हायती अजून."

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "गेलं असतील पै-पाव्हण्याकडं." असेलही. पण काल उठताना "उद्या बोलू" म्हणून गेलेला माणूस… मी दोनदा बाहेर जाऊन रस्ता बघून आलो. ग्लासला हात लावावासा वाटेना.

फोन करावा म्हटलं तर नंबर कुणाकडंच नाही. त्यांच्या मेंढरांच्या आजारपणापासून गुडघ्याच्या दुखण्यापर्यंत सगळं ठाऊक, आणि पूर्ण नाव विचाराल तर माहीत नाही. वरकुटे गावचे, एवढंच.

साडेसहाला मी गाडीची किल्ली उचलली. बाळूदादांनी खांद्यावरचं फडकं काउंटरवर टाकलं आणि मालकाला म्हणाले, "तासाभरात येतो." मालकानं ते फडकं स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

वरकुट्यात चहाच्या टपरीवर विचारलं, "आबा कुठं राहतात?" टपरीवाला हसला. "कुठलं आबा? हितं घरटी एक आबा हाय." मग पटका सांगितला, सायकल सांगितली, मेंढरं सांगितली. तेव्हा तो म्हणाला, "धोंडीबा व्हय? एकटंच असत्यात, वड्याच्या पल्याड वस्तीवर."

पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. दार सताड उघडं, सायकल भिंतीला टेकवलेली. गाय सारखी हंबरत होती… तिच्यापुढं ना वैरण, ना पाणी. आम्ही गोठ्याकडं धावलो.

आबा गोठ्याच्या मागं पडलेले होते. सकाळी शेण काढताना पाय घसरला होता. कमरेपासून हलता येत नव्हतं, हाका मारून मारून आवाज बसला होता. अख्खा दिवस उन्हात काढला होता त्यांनी.

"कोण हाय?"

"बाळू हाय, आबा. बारमधला."

"हितं कसा रं तू?" एवढंच बोलले. बाळूदादांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओंजळीनं घोटघोट पाणी पाजलं. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

इंदापूरच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव?" आम्हाला 'धोंडीबा' एवढंच ठाऊक. शेवटी स्ट्रेचरवरून आबांनीच सांगितलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, रात्रभर तसेच राहिले असते तर अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेलो. बारामतीहून त्यांची मुलगी आली होती. या ताई शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

ओळखीचा आहे, असं सांगून निसटता आलं असतं. पण का कोण जाणे, खरंच सांगितलं. "आम्ही रोज एका ठिकाणी बसतो. बारमध्ये."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं…

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या बारवरूनच आमचं भांडण झालं होतं. तिकडं जायचं सोडा, मग येते म्हटलं होतं मी. दोन वर्षं आले नाही, फोन पण केला नाही." पुढं म्हणाल्या, "दारू मला आजही पटत नाही. पण मी पोटची पोर, मला दोन वर्षं काही कळलं नाही. तुम्हाला पंधरा मिनिटांत कळलं."

आत आबा जागे झाले होते. त्या आत गेल्या, मी बाहेरच थांबलो. आतून आबांचा आवाज आला, "गाईला पाणी दावलं का कुणी?" आणि मग ताईंचं रडणं.

ऑपरेशन झालं. ताई त्यांना बारामतीला घेऊन गेल्या, गाय शेजाऱ्यांकडं आहे. आबा आता बारला येणार नाहीत. तेच बरं आहे, कळतं मला… तरी समोरच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं की मी चुळबुळतो आणि लवकर उठतो.

घरी सगळं सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आणि तुम्ही कधी असे पडलात तर आम्हाला किती वेळात कळेल?" आठवड्यातले तीन दिवस आता थेट घरी येतो. बाकीच्या दिवसांचं अजून ठरत नाहीये.

परवा ताईंचा फोन आला होता. आबा वॉकर घेऊन अंगणात चालतात म्हणाल्या. मी विचारलं, "भेटायला येऊ का? बाळूदादांनाही आणतो."

"या की," त्या म्हणाल्या. "पण चहाच मिळेल हं."

रविवारी जातोय आम्ही. आणि बाळूदादा, तुम्ही फेसबुकवर नाही हे माहीत आहे… तरी इथं सगळ्यांसमोर सांगतो. त्या दिवशी दाराकडं तुम्ही आधी बघितलंत.