काकूंचं मत

सुनंदाकाकू गेल्या, आणि मत कुणाला दिलं होतं ते सांगायचं राहूनच गेलं.

नॉटिंगहॅमला नवीन आले तेव्हा मी काका-काकूंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. काका रिटायर्ड डॉक्टर. काकू आयुष्यभर घर सांभाळणाऱ्या.

काकूंचा एक लाडका पिक्चर होता. हॉलिवूडचा, ब्लॅक अँड व्हाइट. राजकारण्याच्या घरची मोलकरीण. मालकांनी ठरवलेला उमेदवार तिला पटत नाही, म्हणून ती सरळ विरोधी पक्षाकडून इलेक्शनला उभी राहते!

टीव्हीवर लागला की काकूंची इस्त्री बंद.

"अगं, तिला सगळं विचारतात. कॉफी झाली का, कोट कुठाय. तुझं मत काय, हे कुणी विचारतं का बघ!"

मी हसायचे. कॉमेडीच होती ना ती.

मग काकाच कौन्सिलच्या इलेक्शनला उभे राहिले.

काकांनी आणि मी लीफलेट्स घेऊन अख्खा एरिया पालथा घातला. दिसेल त्या दाराची बेल वाजवली. स्वतःचं घर आलं की काका बेल न वाजवताच पुढे. "आपल्याच घरी काय विचारायचं?"

विरोधी पक्षाची बाई मात्र आली. काकूंनी तिला चहा दिला, भरपूर गप्पा मारल्या.

काका पडले. अगदी थोडक्या मतांनी.

जेवताना काकू शांतपणे म्हणाल्या, "माझ्याकडे मत मागायला तुम्ही आलाच नाहीत."

काकांचा घास हातातच राहिला. "म्हणजे? मला नाही दिलंस?"

"सीक्रेट बॅलट असतं इथे. आमटी वाढू?"

चेष्टा होती की खरं? मी नंतर खोदून खोदून विचारलं. नुसत्या हसल्या. मला अजून कळलेलं नाही.

या मे महिन्यात काका परत उभे राहणार होते. "पहिली बेल आपल्याच दाराची," त्यांनी जाहीर केलं होतं.

"या तर खरं. विचार करीन," काकू म्हणाल्या होत्या.

आणि गेल्या आठवड्यात झोपेतच गेल्या. असं कसं, काकू?

आज फ्युनरल झालं. घरी परत आलो. काकांच्या हातात किल्ली होती, तरी त्यांनी बेल वाजवली.

"काका, किल्ली आहे तुमच्याकडे."

"माहितीये."

परत वाजवली. कोट नीट केला आणि थांबले.

किल्ली मागू? रडू? शेवटी त्यांच्या शेजारी नुसती उभी राहिले.

काकू, तुम्हाला नमस्कार.

काका आले होते हो, मत मागायला.