आणि तिसरं काय?

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीतच सुटली. हे कोणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून चिनूबद्दल लिहिते.

चिनू म्हणजे चिनेलो, नायजेरियाची. विद्यापीठात तत्त्वज्ञानाची पीएचडी करत होती. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून ती मराठी शिकली. ती जागा सुटली आणि तिला दुसरी कोणी देईना. एजंट तिला खडकीला माझ्याकडे घेऊन आला. वरची खोली भाड्याने द्यायची होती. मी विचारलं, "एकटी राहणार की सोबत कोणी?"

"एकटी, सोबत, आणि तिसरं काय?" ती म्हणाली.

मला वाटलं, हिला प्रश्न कळला नाही. पुढे समजलं की ती तिची सवयच होती. कोणी दोनच गोष्टी समोर ठेवल्या की ती बेचैन व्हायची. तशी ती कायमच बेचैन. वरून दिवसभर पावलांचा आवाज यायचा. जेवायचीसुद्धा हातात ताट घेऊन, फेऱ्या मारत.

"चिनू, बस ना गं."

"बसले की विचार थांबतो, काकू."

एकदा दुपारी आम्ही वाण्याकडे गेलो. शटर अर्धं खाली होतं. चिनू वाकून म्हणाली, "काका, दुकान उघडं की बंद?"

"पाटी वाचता येते ना?"

"पाटीवर बंद आहे. शटर अर्धं आहे. तुम्ही आत आहात."

"मी जेवतोय. तुमचं काय म्हणणं आहे?"

"अर्धा लिटर दूध द्या. आणि तुमचं दुकान मी माझ्या पुस्तकात घालणार आहे."

"मग भाडं लागेल," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने पिशवी पुढे केली.

ती काय शिकते हे मी गिऱ्हाइकांच्या साड्यांना फॉल लावता लावता तिच्याकडून ऐकलं. युरोपातल्या जुन्या पुस्तकांत म्हणे असं आहे की एखादी गोष्ट एक तर असते, नाही तर नसते, मध्ये जागाच नाही. चिनूच्या इग्बो लोकांची विचार करायची रीत वेगळी. 'आहे' आणि 'नाही' हे एकमेकांचे वैरी नव्हेत, दोघांना एकत्र उभं राहता येईल अशी तिसरी जागा असते, असं ती म्हणायची. "त्यांच्या पुस्तकात दगड एकटा असला तरी आहे. आमच्या गावात आधी विचारतात, कोणाबरोबर आहे?" तिचे सर म्हणत, ही गोष्ट झाली, तर्क नव्हे, हे प्रकरण काढून टाका. ती चिडायची. "मी इग्बोत विचार करते, काकू. इंग्रजीत लिहिलं की तोच विचार खोटा दिसतो."

मला तिचं सगळं कळायचं नाही. पण आहे आणि नाही यांच्या मध्ये मी स्वतः बरीच वर्षं उभी होते. माझे यजमान खडकीच्या कारखान्यात कंत्राटावर होते. एका सकाळी कामावर निघाले ते तिथे पोचले नाहीत आणि घरीही आले नाहीत. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. गल्लीत स्कूटर थांबली की माझी सुई अजून थांबते. संक्रांतीला शेजारच्या शिंदेवहिनी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला यायच्या. हातातला करंडा उघडायचा की नाही हे त्यांना कळायचं नाही. पाणी किती वाजता आलं, एवढं विचारून परत जायच्या.

यजमानांचा विमा होता. कोर्टाने 'ते गेले' असं ठरवल्याशिवाय पैसे मिळणार नव्हते. धाकटे दीर दर महिन्याला कागद घेऊन येत. "वहिनी, फॉल लावून किती दिवस काढणार? कोर्टात एकदा म्हणा, दादा गेला. हो की नाही, काहीतरी एक बोला."

चिनू ताट घेऊन जिना उतरत होती. "भाऊजी, तिसरं..."

"तुमचं तिसरं विम्याचे पैसे देतं का?"

ती ताट घेऊन परत वर गेली. दुसऱ्या दिवशी चहाला खाली आली आणि उभ्यानेच म्हणाली, "तिसरं म्हणजे लपायची जागा नाही, काकू. सर म्हणतात मी तिथे लपते. तुम्ही लपू नका. कोण विचारतंय ते बघा. कोर्ट विचारेल ते कोर्टाचं, घर विचारेल ते घराचं." वकिलाचे पैसे तिनेच भरले. मी नको म्हटलं तर म्हणाली, "उधार."

कोर्टात जाताना मी मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं. 'गेले' हा शब्द तोंडातून निघेल की नाही, एवढंच मनात होतं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "इतक्या वर्षांत त्यांचं पत्र, फोन, काही निरोप?"

"नाही."

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. तो आलाच नाही.

बाहेर आल्यावर चिनूने वकिलांना अडवलं. "ते गेले का, हे कोणी विचारलंच नाही."

"कायदा तेवढंच विचारतो. ज्यांना कळायला हवं त्यांना सात वर्षं काही कळलं नाही, तर गेले असं धरून चालायचं."

"गेले, की धरून चालायचं?"

"धरून चालायचं. उद्या आले तर आले. मला दुसरी केस आहे, बाई."

चिनू कोर्टाच्या पायरीवर मटकन बसली. तिला बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. "काकू, हा कायदा इंग्रजांचा ना? त्यांच्याच घरात तिसरं आहे." तिने ते प्रकरणात लिहिलं. सरांनी प्रकरण राहू दिलं आणि शेऱ्यात फक्त 'असो' लिहिलं. त्या एका शब्दावर ती आठवडाभर फेऱ्या मारत होती.

घरी येऊन मी मंगळसूत्र परत घातलं. पुढच्या संक्रांतीला शिंदेवहिनी दारात अडखळल्या, तेव्हा माझ्याच तोंडून निघून गेलं, "वहिनी, सवाष्ण धरून चाला." त्या आधी दचकल्या, मग हसल्या, आणि करंडा उघडला.

विम्याचे पैसे आले तोवर चिनू मायदेशी गेली होती. पुतणीने माझ्यासमोर वकिलाची सगळी रक्कम तिला पाठवली. मी फोन केला.

"चिनू, फिटले की नाही?"

आता ती तिसरं काढणार म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरला. हिशेब संपला की ही फोन तरी कशाला करेल, असंही मनात येत होतं. तिकडे पावलांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"फिटले, काकू," ती म्हणाली. "सगळे. आता पुढचा फोन माझा."