आबांच्या टोपीतला सुधाकर

सुधाकर गेल्याचं भुसावळला शेजाऱ्यांच्या फोनवर कळलं, तेव्हा मनात पहिलं हेच आलं की आता वडिलांना, आबांना हसवायचं त्याचं राहूनच गेलं. आदल्याच आठवड्यात दवाखान्यात तो म्हणाला होता, "सगळं जळगाव हसलं रे. आमचे आबाच हसले नही." मी नुसता त्याची चादर सारखी करत बसलो. दुसरं काय करणार होतो...

जळगावात केबल नवी नवी आली तेव्हाची गोष्ट. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा माझा, बाकी सगळा आगाऊपणा त्याचा. असोद्यातल्या आमच्या लहानपणावर त्याने 'चड्डीतले दिवस' नावाची मालिका काढली. देवळामागे ओढलेल्या बिड्या, गुरुजींच्या सायकलची सोडलेली हवा, चोरलेली केळी, त्याने काही म्हणजे काही झाकलं नाही. त्यातला मारकुटा बाप तो स्वतःच झाला. टोपी आबांची, उपरणं आबांचं आणि खाकरणंही त्यांचंच. गाव पोट धरून हसलं. आबा मात्र मालिका लागली की ओट्यावर जाऊन घराकडे पाठ करून बसायचे.

घरात गंमत वेगळीच. सासरे समोर आले की पदर कपाळाखाली ओढायची सुमनवहिनींना इतकी सवय, की पडद्यावर आबांच्या टोपीतला नवरा खाकरला तरी त्यांचा हात पदराकडे जायचाच. आम्ही गडबडा लोळायचो. सुधाकर म्हणायचा, "हे माझं बक्षीस." ओट्यावर आबांना सगळं ऐकू जायचं, पण ते कधी वळले नाहीत.

परवा, इतक्या दिवसांनी असोद्याला गेलो तर आबा आपणहून म्हणाले, "ती कॅसेट लाव बरं." पहिल्यांदाच ते टीव्हीसमोर बसले. पडद्यावर सुधाकर चप्पल घेऊन पोरांमागे धावला आणि शेणावरून घसरून आडवा झाला. आबा हसले. ठसका लागेपर्यंत हसले... आता हे कुणाला जाऊन सांगू?

पडद्यावर सुधाकर उठला, टोपी नीट केली आणि खाकरला. दारात उभ्या असलेल्या वहिनींनी सवयीने पदर पार डोळ्यांखाली ओढला.

आबांनी मागे वळून पाहिलं. "पदर मांगे घे, बाई," ते म्हणाले. "तो मी नही. पाहून घे त्याले."

वहिनींनी पदर मागे घेतला. तोवर कॅसेट संपून पडद्यावर मुंग्या आल्या होत्या.