येळवशीला दोन शेतांत जेवलो

वत्सलाआत्याचा फोन आला तेव्हा अण्णा दाढी करत होते. "दादा, येळवसला ये. माझ्या शेतात जेवायचं," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. आठ वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या लग्नात मामाला मंडपात बोलवायला उशीर झाला, म्हणून अण्णा, म्हणजे माझे वडील, न जेवता उठून सरळ नांदेडला आले होते. तेव्हापासून भावा-बहिणीचं बोलणं बंद. आता या एका जेवणावर सगळं अडलं होतं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून अण्णांनी विचारलं, "सुधीरला सुट्टी मिळंल का?"

सुधीर माझा नवरा, आणि आमच्या घरचा बिनपगारी ड्रायव्हर. त्यानं सुट्टी काढली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. थंडीत ज्वारी-हरभरा उभा असताना येते. लातूर भागात त्या दिवशी घरंच्या घरं शेतात जातात, कडब्याची खोप करतात, तिला कोपी म्हणायचं. तिच्यात पूजा करायची आणि बांधावरून जाईल त्याला जेवू घालायचं. दुकानं बंद असतात, तेव्हा हॉटेलांच्या भरवशावर निघू नका. आम्ही सकाळी नऊला निघालो, खरं तर सातला निघायला हवं होतं. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता, चांगला आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांना जपा. पेट्रोल जाऊन-येऊन दीड हजाराच्या आसपास. अहमदपूरच्या अलीकडे एक टपरी उघडी सापडली, तिथं चहा घेतला. अण्णांनी बिस्किटालासुद्धा हात लावला नाही. "वच्छीकडं पोटभर जेवायचंय मला," म्हणाले.

चाकूरच्या पुढं हायवे सोडून आत वळलो. आत्यानं खूण सांगितली होती: रस्त्याला लागून कोपी, शेजारी चिंच. आता त्या रस्त्याला प्रत्येक शेतात कोपी होती आणि चिंचा तर विचारूच नका. पहिल्याच बांधावर टोपीवाला एक माणूस गाडीला आडवा आला. "या, या पाव्हणे. लई वाट पाहायला लावली."

आता यावर कोण शंका घेईल? अण्णांना वाटलं, आत्याच्या सासरचे कुणी असतील. आठ वर्षांत चेहरे कुठं लक्षात राहतात. नाव विचारावं तर पुन्हा रुसवा. मी एका आजींना विचारलं, "आत्या कुठंय?"

"आसंल पूजंपाशी. तुमी बसा आदी."

बसलो. वाल, तूर, वाटाण्याची ती घट्ट भज्जी, बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, तीळ लावलेली भाकरी, गव्हाची खीर, आणि वर मडक्यातलं गार आंबील. हे ताकातलं आंबील प्यायल्याशिवाय परत येऊ नका. अण्णा तर मान खाली घालून जेवत होते. वाढणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, असं ठरवूनच आले होते ते. तिसरी भाकरी संपली आणि माझा फोन वाजला.

"कुठं हाव गं तुमी? ताटं करून बसलाव. मी सकाळपासून पाण्यावर हाय."

फोन कानाला तसाच धरून मी अण्णांकडं पाहिलं. अण्णांचा चेहरा पाहवत नव्हता. टोपीवाल्या काकांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "वत्सलाबाईचं शेत म्होरं हाय, तिसरं. मग काय झालं? येळवसला कुणी नाव इच्यारतंय का?"

गाडीत अण्णांनी दम भरला, "कुणी तोंड उघडायचं नाही. मी जेवणार."

आत्या बांधावर उभी होती. भावाला पाहून तिनं नुसता पदर तोंडाला लावला. आणि लगेच पानं मांडली. अण्णा बसले आणि जेवले. भज्जी, उंडे, खीर, सगळं. कपाळाला घाम आला, तरी आत्या वाढत होती आणि ते हो म्हणून मान हलवत होते. सुधीरनं हळूच पट्टा सैल केला. मी भाकरीचा एक तुकडा घेऊन दहा मिनिटं खेळवला. मला अण्णांची कीव येत होती आणि त्यांचा अभिमानही वाटत होता.

हात धुवायला पाणी घालताना आत्या म्हणाली, "दादा, तिकडं जेवलास ते मला ठावं हाय. त्यांचा फोन आला व्हता तू याच्या आदीच."

अण्णा गडबडले. "मग वाढत कशाला राहिलीस?"

"बघत व्हते, उठतोस का बसतोस."

आणि मग दोघं असे हसले, की शेजारच्या शेतातली माणसं बघायला आली. त्यानंतर कुठं आत्यानं स्वतःचं पान वाढून घेतलं. अण्णा तिच्या समोर बसून राहिले, तिचं संपेपर्यंत.

चारला निघालो, दिवस मावळायच्या सुमारास नांदेडात. आत्यानं हरभऱ्याचे डहाळे, भज्जीचा डबा आणि आंबिलाची बाटली बांधून दिली होती. जाणार असाल तर गाडीची डिकी रिकामी ठेवा आणि रात्रीचा स्वयंपाक करू नका. माझ्या मते मराठवाड्यात यापेक्षा चांगला दिवस काढता येत नाही.

घरी आल्यावर अण्णांनी स्पीकरवर पोचल्याचा फोन लावला. मी डहाळे निवडत शेजारीच होते. "पोचलो गं," म्हणाले. मग म्हणाले, "वच्छे, त्या दिवशी लग्नात मी उठलो ते चुकलं." अण्णांच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"लई भूक लागली व्हती का रं दादा त्या दिवशी?" आत्यानं विचारलं.

"हाव," अण्णा म्हणाले. "लई."